वाचकांचे प्रश्न : समुद्रातल्या विहिरीतली वाळू किनाऱ्यावर बसून कशी कळते?

समुद्रातल्या तेलविहिरींवर लिहिलं तेव्हापासून पत्रं येताहेत. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. चारही कोकणातली, आणि चारही वाळूवर येऊन थांबणारी. ज्यांना मी नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो : 28 वर्षं मी प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंटचं काम केलं. 14 दिवस पाण्यात, 14 दिवस घरी. शेवटची काही वर्षं किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर गेली. आता अलिबागजवळ नागावला असतो.

दापोलीच्या एक वाचक लिहितात : "माझ्या मुलाला मुंबईत नोकरी लागली. रात्रपाळीला कॉम्प्युटरवर समुद्रातल्या विहिरींची वाळू बघतो, असं सांगतो. तेलाच्या विहिरीत वाळू कुठून आली आणि मुंबईत बसून ती दिसते कशी? यात धोका आहे का, असं विचारलं तर विषय बदलतो."

ताई, तुम्ही तिसऱ्या करत असाल. कितीही धुतल्या तरी एखादीत वाळू राहते आणि घास चावताना कच्चकन लागते. वाळू डोळ्यांना दिसलेली नसते, पण दाताला कळते, आणि एका कणानंही कळते. तुमच्या मुलाचं काम या कचकचीवर चालतं. पाईपच्या आतून वाळू गेली की पाईपला ती जाणवते, आणि पाईपला जे जाणवलं ते यंत्र मुंबईला कळवतं.

आता वाळू येते कुठून ते. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. खडकाला बारीक छिद्रं असतात, त्यांत तेल आणि गॅस भरलेला असतो. काही ठिकाणी हा खडक वालुकाश्म असतो, म्हणजे जुन्या काळच्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू, वर माती साचत गेली तशी दाबली गेलेली. पुरेसा काळ गेला असेल तर कण एकमेकांना घट्ट चिकटतात. नसेल गेला, तर जेमतेम धरून राहतात. विहिरीतून तेल जोरात ओढलं की हे कण सुटून त्याच्याबरोबर वर येतात.

दुसरं कारण पाणी. मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर मुलं ओल्या वाळूचे किल्ले करतात. नुसत्या ओलीवर किल्ला उभा राहतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना ओढून धरतं. भरती येऊन तो पाण्यात बुडाला की ती ओढ संपते आणि किल्ला बसतो. खडकात तेल किंवा गॅस असतो तोवर कणांमधली जराशी ओल त्यांना असंच सांभाळून असते. विहिरीचं वय झालं आणि खालून पाणी चढलं की कालपर्यंत स्वच्छ असलेली विहीर वाळू द्यायला लागते. म्हणून 'या विहिरीत वाळू नाही' हे वाक्य कायमचं नसतं. लक्ष सतत ठेवावं लागतं ते यासाठी.

वाळूनं बिघडतं काय? वाळूतला गारगोटीचा कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. कशेडी घाटात एसटी वळली की उभी माणसं बाहेरच्या बाजूला कलंडतात, ते तुम्ही अनुभवलं असेल. पाईपला वळण आलं की आतला गॅस वळतो, तेल वळतं, पण जड कण सरळ जातो आणि बाहेरच्या भिंतीवर आदळतो. एका कणानं काही होत नाही. पण रात्रंदिवस, महिनोन्‌महिने आदळत राहिले तर पोलाद आतून झिजतं, आणि बाहेरचा पिवळा रंग तसाच नवा दिसत राहतो. या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते. गंज निदान डोळ्यांना दिसतो.

यात वेगाचा हिशेब फार महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, साधारण सहापट होते. म्हणून तेवढीच वाळू एका विहिरीत चालून जाते आणि जोरानं वाहणाऱ्या गॅसच्या विहिरीत पाईप खाते.

आता यंत्र. ते मुठीत मावेल एवढं असतं आणि पाईपला भोक न पाडता बाहेरून बांधतात. मी ते कितीतरी वेळा बांधलंय. वळण जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे, बाहेरच्या बाजूची जागा निवडायची. एमरी पेपरनं रंग खरवडून रुपयाएवढं पोलाद उघडं करायचं, चकचकीत होईपर्यंत. मध्ये रंगाचा पापुद्रा राहिला तर आवाज नीट पोचत नाही. मग ग्रीसचा थेंब, त्यावर सेन्सरचं टोक, भोवती पट्टा आणि पाना. खिशात मी शिसं सरकवायची पेन्सिल ठेवायचो. बांधून झालं की तिचं बारीक शिसं पाईपवर दाबून मोडायचं. टिक्‌ असा आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येतो, पण स्क्रीनवर उभी रेघ उठते. ती उठली की समजायचं, कान जिवंत आहे.

माणसाला 20 हजार हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. वाळूचा कण पोलादावर आपटल्याचा आवाज लाखो हर्ट्झपर्यंत जातो. लाटा, पावलं, क्रेनची घरघर हे सगळं खालच्या पट्टीत राहतं. सेन्सर वरच्या पट्टीतलंच ऐकतो. ऐकलेल्याचा आकडा होतो, तो वायरनं प्लॅटफॉर्मवरच्या पेटीत जातो, तिथून रेडिओनं, केबलनं किंवा उपग्रहानं किनाऱ्यावर. ज्या प्लॅटफॉर्मवर माणूस राहतच नाही, सोलर पॅनेलवर सगळं चालतं आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस बोट लागत नाही, तिथे त्या विहिरीचा कान आता मुंबईतल्या खुर्चीत असतो. पूर्वी बाटलीत नमुना घ्यायचा, यंत्रात गरगर फिरवायचा आणि तळाशी काय बसलं ते बघायचं. दिवसातून एकदा, तेही कुणी तिथे असलं तर. वाळूची लाट मधल्या वेळात येऊन गेली तर बाटलीला पत्ता नसे.

सेकंदाला ग्रॅमचा दहावा भाग वाळू म्हणजे चिमटीच्याही आतली गोष्ट. पण दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर साडेआठ किलोच्या वर जाते. तुमचा मुलगा रात्रभर असल्या बारीक आकड्यांवर नजर ठेवून असतो.

धोक्याचं विचारलंत. तुमचा मुलगा किनाऱ्यावर आहे, त्याच्या जिवाला धोका नाही. पण त्याच्या स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला कधी माणसं असतात, कधी नुसता समुद्र असतो, आणि दोन्ही त्याच्या भरवशावर. विषय बदलतो तो घाबरून नसेल. ही जबाबदारी घरी सांगताना शब्द सापडत नाहीत. माझी बायको मला विचारायची तेव्हा मीही "चाललंय" एवढंच म्हणायचो. पहाटे 3 ते 5 डोळे मिटायला लागतात, तेव्हा तो काय करतो एवढं मात्र विचारा. मी त्या वेळी उभं राहून आकडे वहीत हातानं लिहायचो.

हर्णैचे एक तांडेल विचारतात : "समुद्राच्या तळाची वाळू विहिरीत शिरते का? मग आमची जाळी ओढल्यानं काही फरक पडतो का? आम्हाला प्लॅटफॉर्मच्या जवळ का जाऊ देत नाहीत?"

नाही दादा, तळाच्या वाळूचा काही संबंध नाही. तेलाचा खडक तळाच्या खाली हजार मीटरपेक्षाही खोल असतो. तिथपर्यंत विहिरीला पोलादी नळ्या घातलेल्या असतात, बाहेरून सिमेंट भरलेलं असतं. जाळ्यानं विहिरीतली वाळू वाढत नाही.

पण जवळ न जाण्याचा नियम वेगळा आहे आणि तो मनावर घ्या. प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरचा सुरक्षेचा पट्टा असतो. तळावरून पाईपलाईन गेलेल्या असतात, त्यांत जाळं किंवा नांगर अडकला तर तुमचंही नुकसान आणि पाईपचंही. आणि गॅस सुटलेला असेल तर बोटीवरचा स्टोव्ह पुरेसा आहे. प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासळी जमते हे मला ठाऊक आहे. आम्ही वरून थवे बघायचो. तरीही लांबच राहा.

रत्नागिरीचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी : "काका, आवाजाचा सेन्सर आणि ईआर प्रोब यांत चांगलं कोणतं? आणि वाळू दिसली की विहीर आपोआप बंद होईल अशी सोय का करत नाहीत?"

प्रश्न चांगला विचारलास. आधी दोघांमधला फरक बघ.

आवाजाचा सेन्सर आत्ता काय चाललंय ते सांगतो. ईआर प्रोब आत्तापर्यंत किती झिजलं ते सांगतो. प्रोब म्हणजे प्रवाहात घातलेली धातूची पातळ पट्टी. वाळू तिला खाते, ती पातळ होते, तिचा विद्युतरोध वाढतो, आणि त्यावरून किती मायक्रॉन गेले ते काढता येतं. तापमानानंही रोध बदलतो, म्हणून शेजारी तसाच तुकडा झाकून ठेवतात, वाळू न लागणारा, आणि दोघांची तुलना करतात. प्रोब सावकाश बोलतो पण सहसा खोटं बोलत नाही. सेन्सर लगेच बोलतो, पण त्याला इतर आवाजही वाळूसारखे वाटतात : चोकमधून, म्हणजे विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करायच्या झडपेतून, जोरात निघणारा गॅस, पाईपमध्ये आलटून पालटून येणारे गॅसचे आणि द्रवाचे लोंढे. म्हणून सेन्सरला आधी विहिरीचा रोजचा आवाज शिकवावा लागतो. वाळू नसताना, वेगवेगळ्या वेगांना. मग तराजूवर मोजलेली वाळू पाईपमध्ये सोडून तो किती दाखवतो ते तपासायचं. हे केलं नाही तर स्क्रीनवरचा आकडा नुसता आवाज असतो, ग्रॅम नव्हे.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो. ते नीट वाच.

दोन वर्षं माझी बदली पूर्व किनाऱ्यावर होती. ऑक्टोबर संपत आलेला, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, समुद्र खवळलेला. माणूस नसलेल्या एका प्लॅटफॉर्मवरच्या विहिरीचा चोक आठवड्यापूर्वी थोडा जास्त उघडला होता, उत्पादन वाढवायला. तेव्हापासून तिचा वाळूचा अलार्म रात्री-बेरात्री वाजायचा. चोक उघडल्यानंतर घेतलेली बाटली स्वच्छ निघाली होती. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की हा चोकचा आवाज आहे. तिसऱ्या रात्री दोन तासांत अलार्म सात वेळा वाजला आणि मी मर्यादा वाढवली. हात माझा होता. वहीत लिहिलं : 'चोकचा आवाज. मर्यादा वाढवली.' अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे.

सेन्सरला रोजचा आवाज शिकवला होता तो जुन्या वेगाला. नव्या वेगाला परत कुणी शिकवला नव्हता. तेव्हा अलार्म खरा की खोटा, हे ठरवायला माझ्याकडे आधारच नव्हता, आणि तरी मी ठरवलं. त्याच विहिरीच्या प्रोबची रेघ दुसऱ्या पानावर होती. तिनं दोन दिवसांपूर्वीच वर वळण घेतलं होतं. मी ते पान उघडलं नाही.

पुढे चार दिवस बोट नाही, हेलिकॉप्टर नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या पाळीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं की चोक तेवढाच उघडा आहे, पण त्याच्या पुढच्या पाईपमधला दाब हळूहळू चढतोय. वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी. चोक हलवला नसताना पुढचा दाब वाढतो याचा अर्थ तिनं बरोबर लावला : भोक मोठं झालंय. तिनं कुणाच्या परवानगीची वाट बघत वेळ घालवला नाही. विहीर किनाऱ्यावरून बंद केली आणि मग साहेबांना फोन केला.

समुद्र निवल्यावर मी पहिल्या बोटीनं गेलो. चोक खोलला. आतला टंगस्टन कार्बाइडचा भाग, जो पोलादापेक्षा कितीतरी कठीण, एका बाजूनं गेलेला होता. मागची पोलादी नळी हातात घेतली तर आतून ओहोटीच्या पुळणीसारखी झाली होती, बारीक बारीक लाटा, बोटाला मऊ लागणाऱ्या. पुढच्या वळणावर जाडी मोजायचं यंत्र लावलं. आतली बाजू होती तशी. बाहेरची निम्म्याहून पातळ. वरून रंगाला चरासुद्धा नव्हता.

कुणाला काही झालं नाही, तेल सांडलं नाही. ते माझ्यामुळे नाही, त्या मुलीमुळे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की चांगलं कोणतं, हे विचारूच नकोस. दोन्ही लाव आणि एका पानावर बघ. आवाज, प्रोब, चोक किती उघडा आहे, चोकच्या आधीचा आणि पुढचा दाब, या रेघा एकाखाली एक आण. अलार्म खोटा असेल तर फक्त आवाजाची रेघ उड्या मारते. खरा असेल तर उशिरा का होईना, दुसरी कुठली तरी रेघ हलतेच. चोक हलवला की सेन्सरला परत शिकव, त्याच दिवशी, कितीही घाई असली तरी. आणि अलार्मची मर्यादा एकट्यानं बदलायची नाही. पुढे आमच्या खोलीत ती दोघांच्या सहीशिवाय बदलायची नाही असं ठरलं. त्यासाठी मी भांडलो, आणि भांडलो याचं मला समाधान आहे.

आता आपोआप बंद करण्याबद्दल. विहीर धाडकन बंद केली आणि धाडकन उघडली तर खाली दाबाचे हिसके बसतात आणि जेमतेम धरून असलेली वाळू आणखी सुटते. बंद विहीर परत सुरू केली की पहिल्यांदा वाळूची एक लाट येतेच, मग ती ओसरते. ही लाट बघून यंत्रानं विहीर परत बंद केली, तर ती कधी सुरूच व्हायची नाही. म्हणून वाळूच्या आकड्यावर शक्यतो माणूस निर्णय घेतो. चोक थोडा मिटायचा, थांबायचं, रेघ खाली येते का बघायचं. वेग आणि झीज यांचा हिशेब वर दापोलीच्या ताईंना सांगितलाय, तो इथे उपयोगी पडतो : चोक जरासा मिटला तरी झीज पुष्कळ उतरते. असंच पायरी-पायरीनं उघडत जाऊन, कुठल्या पायरीपर्यंत विहीर वाळू न देता चालते हेही काढतात.

पाईप खरंच फुटला तर मात्र माणसाची वाट बघत नाहीत. दाब ठरावीक आकड्याखाली गेला की विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह स्वतःच मिटतो. समुद्रतळाच्या खालीही विहिरीच्या आत एक सुरक्षा-व्हॉल्व्ह असतो, वरून हायड्रॉलिक तेलाच्या दाबानं उघडा धरलेला. तो दाब गेला की तोही मिटतो. पण तिथवर वेळ येऊ द्यायची नाही, यासाठीच वाळू ऐकायची.

विहिरीत खालीच जाळी का बसवत नाहीत, असंही तू पुढे लिहिलंयस. बसवतात. जाळीभोवती मोजून-चाळून घेतलेली जाडसर वाळू भरतात, तिला ग्रॅव्हल पॅक म्हणतात. पण जाळी बारीक केली तर ती लवकर तुंबते आणि तेल कमी येतं, मोकळी ठेवली तर बारीक कण निसटतात. शिवाय जाळीला एका जागी भोक पडलं की सगळा जोर तिथेच एकवटतो. जाळी असलेल्या विहिरीवरही सेन्सर हवाच. आता काही ठिकाणी विहिरीत खालपर्यंत ऑप्टिकल फायबर सोडून वाळू नेमक्या कुठल्या थरातून येते तेही ऐकतात. तुझ्या पिढीला यात करण्यासारखं खूप आहे. सिग्नल प्रोसेसिंग मनापासून शिक.

देवगडचे एक निवृत्त शिक्षक : "आपल्या मुंबई हायमध्येही अशी वाळू येते का? आणि वर आलेल्या वाळूचं काय करतात? खाडीतल्या रेतीउपशावरून इकडे एवढे वाद आहेत, मग ती वाळू बांधकामाला का वापरू नये?"

गुरुजी, मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं आणि 1976 मध्ये तिथून तेल यायला लागलं. तिथला मुख्य तेलाचा खडक वालुकाश्म नाही, चुनखडक आहे. चुनखडक वाळूसारखा कण-कण सुटत नाही, त्यामुळे हा त्रास तिथे मुख्य नाही. तिथे आमची डोकेदुखी पाणी आणि गंज ही होती. वाळूचा खरा त्रास वालुकाश्माच्या विहिरींना. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात पाणी आणि वाळू आल्यामुळे गॅसच्या काही विहिरी बंद कराव्या लागल्या आहेत.

वर आलेली वाळू सेपरेटर नावाच्या मोठ्या टाकीत तळाला बसते. मध्येमध्ये पाण्याचे फवारे मारून ती ढवळून काढावी लागते, नाहीतर टाकीत तेलाला जागाच उरत नाही. हातात घेतली तर आपल्या पुळणीच्या वाळूसारखी कोरडी, मोकळी नसते. काळपट, चिकट असते, रॉकेलसारखा वास येतो आणि साबणानं दोनदा धुतलं तरी नखांत राहतो. तेल लागलेली म्हणून ती कचरा धरतात, बांधकामाला देता येत नाही. साफ करून ठरलेल्या नियमानं तिची विल्हेवाट लावावी लागते. आणि ती असते तरी किती? किलोंत मोजायची वस्तू, फार झालं तर टनांत. खाडीतल्या रेतीची गरज तिनं भागणार नाही.